सुरुवात सवयीची, काम लक्षाचे : रोजच्या थोड्या कामातून टिकाऊ यश उभारण्याची पद्धत

नवा संकल्प केलेल्या माणसाचा उत्साह पहिल्या आठवड्यात इतका असतो की रोज दोन तास अभ्यास किंवा तासभर व्यायाम ही मागणी त्याला मुळीच जड वाटत नाही. मग एके दिवशी कामावरून यायला उशीर होतो, दुसऱ्या दिवशी डोके दुखते, तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात आणि नव्याचे नऊ दिवस नऊ भरण्याआधीच संपतात. अशा वेळी माणूस स्वतःला आळशी किंवा आरंभशूर ठरवून मोकळा होतो. खोट बहुतेक वेळा आखणीत असते आणि आखणी सुधारता येते, याकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही.

ज्यांना एखादी गोष्ट वर्षानुवर्षे करत राहून तिच्यात काही मिळवायचे आहे आणि त्यासाठी पहिल्यांदाच पद्धतशीर प्रयत्न करायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या एका भेदावर उभ्या आहेत. रोजच्या कोणत्याही कामाचे दोन भाग पडतात : त्या कामाला बसणे आणि बसल्यावर ते करणे. पहिला भाग पूर्णपणे सवयीच्या हवाली करावा आणि दुसरा भाग सवयीच्या हाती कधीही देऊ नये. हे दोन भाग एकमेकांत मिसळले की एक तर माणूस रोज मनाशी झगडून दमतो, नाही तर वर्षभर नेमाने बसूनही जिथल्या तिथेच राहतो.

सवय कशी बसते

एखादी कृती ठरावीक परिस्थितीत पुन्हा पुन्हा केली की कालांतराने ती परिस्थिती समोर येताच कृती आपसूक सुरू होते आणि तिच्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही, याला मानसशास्त्रात सवय म्हणतात. नियमितपणे केलेले प्रत्येक काम या अर्थाने सवय नसते. दर आठवड्याला खर्चाचा हिशेब लिहिणारा माणूस दर वेळी स्वतःला ढकलूनच वहीपाशी आणत असेल, तर त्याच्याकडे शिस्त आहे, सवय अजून लागलेली नाही. मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना दिवसभर ठरावीक अंतराने, त्या क्षणी आपण काय करत आहोत आणि मनात काय चालले आहे, हे टिपून ठेवायला सांगितले होते. त्या नोंदींतल्या एक तृतीयांशाहून अधिक कृती जवळजवळ रोज आणि बहुधा त्याच जागी होणाऱ्या निघाल्या, आणि त्या चालू असताना करणाऱ्याचे मन बरेचदा भलतीकडेच असे.

मेंदूत हे कसे घडते याची एक झलक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत दिसली. तेथे उंदरांना रोमन टी अक्षराच्या आकाराच्या मार्गातून धावून बक्षिसापर्यंत पोहोचायला शिकवले जात होते. उंदीर नवखा असताना त्याच्या मेंदूच्या खोल भागातील, बेसल गँग्लियामधील पेशी संपूर्ण धावेत सक्रिय असत. मार्ग अंगवळणी पडल्यावर त्यांची सक्रियता धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी एकवटली आणि मधला भाग शांत झाला. सगळी धाव जणू एका गाठोड्यात बांधली गेली होती. आपल्या दृष्टीने यातली उपयोगी गोष्ट अशी की गाठोडे एकदा उघडले की पुढचे आपोआप घडते, म्हणून सारी मेहनत ते उघडणाऱ्या क्षणावर घ्यावी.

माणसांच्या बाबतीतही असाच पुरावा आहे. बेंजामिन गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये व्यायामासारख्या वर्तनाचा अभ्यास करताना, ‘करायला घेणे’ सवयीचे होणे आणि ‘करणे’ सवयीचे होणे, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. माणूस ते काम किती वेळा करील याचा अंदाज पहिल्या गोष्टीवरून बांधता आला. दुसरीची त्यात म्हणण्यासारखी भर पडली नाही.

पहिली पायरी : एकच काम निवडा आणि ते कृतीत उतरवा

‘तब्येत सुधारायची’, ‘नवी भाषा शिकायची’, ‘लिहिते व्हायचे’ ही ध्येये आहेत. त्यांची सवय लागत नाही, कारण ती कोणत्याही ठरावीक क्षणी करता येत नाहीत. ध्येयातून अशी कृती काढावी की शेजारी बसलेल्या माणसाला ती सुरू झालेली डोळ्यांनी दिसली पाहिजे. भाषा शिकायची असेल तर ‘वही उघडून कालची पाच वाक्ये मोठ्याने वाचणे’ ही कृती झाली. लेखन करायचे असेल तर ‘टेबलाशी बसून कालचा परिच्छेद वाचणे आणि त्यापुढे एक वाक्य लिहिणे’ ही कृती झाली.

कोणत्या क्षेत्रात ही पद्धत चालते, हेही आधी तपासावे. भाषा, वाद्य, लेखन, शरीराची क्षमता, बचत, आज्ञावली लिहिण्याचे कौशल्य अशा गोष्टींत थोडे थोडे साचत जाते आणि आजचे काम उद्याच्या कामाला आधार देते, म्हणून तेथे थेंबे थेंबे तळे साचते. कठीण निर्णय, एखाद्याशी करायचे अवघड बोलणे, महिनाभर पुढे ढकललेला अर्ज अशी कामे एकदाच, पूर्ण ताकदीने करून संपवायची असतात. त्यांचे रोज दहा मिनिटांचे तुकडे पाडले की काम होत नाही, फक्त टाळाटाळ नियमित होते.

एका वेळी एकच सवय घ्यावी. तीन घेतल्या तर एखाद्या वाईट दिवशी तिन्ही एकदम कोसळतात आणि नेमकी कोणती आखणी चुकली, हे कळायला मार्ग उरत नाही.

दुसरी पायरी : वाईट दिवसाचे माप

नवखा माणूस रोजच्या कामाचे प्रमाण आपल्या सर्वांत चांगल्या दिवसावरून ठरवतो. ते सर्वांत वाईट दिवसावरून ठरवावे. अंगात कणकण आहे, दिवसभर धावपळ झाली आहे, रात्रीचे अकरा वाजले आहेत, अशा अवस्थेत आपण काय करू शकू, हा प्रश्न विचारावा आणि जे उत्तर येईल तेवढेच रोजचे किमान माप धरावे. ते हास्यास्पद वाटेल इतके लहान असले तरी चालेल : एक वाक्य, दोन मिनिटांचे वाचन, पाच बैठका.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो की दोन मिनिटांत काय होणार. दोन मिनिटांत विद्या येत नाही, हे खरेच आहे. किमान मापाचा उद्देश विद्या मिळवणे हा नसून सुरुवातीचा क्षण एकही दिवस वाया जाऊ न देणे हा आहे. बहुतेक दिवशी माणूस किमान मापावर थांबतही नाही, कारण एकदा बसल्यावर उठण्यापेक्षा पुढे जाणे सोपे असते. पण पुढे जाणे ऐच्छिक राहिले पाहिजे. ‘दोन मिनिटे म्हणायची आणि स्वतःकडून दर वेळी अर्धा तास काढून घ्यायचा’ अशी लबाडी सुरू झाली की मनाला ती लगेच कळते आणि दोन मिनिटांनाही ते अर्ध्या तासाइतकेच घाबरू लागते. म्हणून कंटाळा आला असेल तर किमान माप पूर्ण होताच, मनात काहीही किल्मिष न ठेवता, उठावे.

तिसरी पायरी : ‘कधी’ याचे उत्तर घटनेत द्या

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे मला वाटते, कारण माझ्या पाहण्यात बहुतेक संकल्प येथेच सैल राहतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ‘मी हे करीन’ एवढाच निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे ठरवणारे लोक ते काम अधिक वेळा पार पाडतात. पास्कल शीरन यांच्यासह त्यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही हा परिणाम मध्यम ते मोठ्या प्रमाणात टिकून असलेला दिसला. वाक्याच्या रचनेत एवढी ताकद असण्याचे कारण असे की निर्णय आधीच झालेला असतो. ऐन वेळी ठरवायचे काही उरत नाही, फक्त घटना ओळखायची उरते.

आता असे एक वाक्य प्रत्यक्ष घडवून पाहू. समजा एका नोकरदार बाईंना नवी भाषा शिकायची आहे. त्यांचे पहिले वाक्य असते, ‘मी रोज संध्याकाळी अभ्यास करीन.’ संध्याकाळ तीन-चार तासांची असते आणि तिच्यातल्या प्रत्येक क्षणी ‘अजून वेळ आहे’ असे म्हणता येते. म्हणून त्या बदल करतात, ‘रात्री साडेआठला अभ्यास करीन.’ हे बरे, पण साडेआठ वाजतात तेव्हा त्या कधी फोनवर बोलत असतात, तर कधी स्वयंपाकघरात असतात. गजर वाजतो, बोट फिरवून बंद होतो आणि काही दिवसांतच तो न ऐकता बंद करण्याची सवय लागते. मग तिसरे वाक्य येते, ‘जेवण झाल्यावर अभ्यास करीन.’ आता वेळेऐवजी घटना आली, तरी जेवण नेमके केव्हा झाले म्हणायचे? हात धुतल्यावर, गप्पा संपल्यावर, की आवराआवर झाल्यावर? चौथे वाक्य मात्र पक्के आहे : ‘जेवणानंतर ओटा पुसून फडके वाळत टाकले की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वही उघडीन.’ फडके वाळत टाकणे रोज घडते, एकदाच घडते, त्याला स्पष्ट शेवट आहे, आणि त्यानंतर हात मोकळे असतात.

खुणेची घटना निवडताना या चारही कसोट्या लावाव्यात. सकाळी दात घासून ब्रश जागेवर ठेवणे, कामाचा संगणक बंद करणे, घराचे दार आतून लावणे अशा घटना बहुतेकांच्या दिवसात असतात. ज्यांचे कामाचे तास रोज बदलतात त्यांनी घड्याळाचा नाद पूर्णपणे सोडावा आणि झोपून उठणे किंवा कामावरून परतणे यांना जोडलेली खूण घ्यावी. आणखी एक गोष्ट पाहावी. खुणेच्या वेळी आपण जिथे असतो ती जागा आणि काम करायची जागा एकमेकींपासून फार दूर नसाव्यात, कारण वाटेत लक्ष वेधणाऱ्या शंभर गोष्टी असतात.

चौथी पायरी : जागा तयार ठेवा

खूण आल्यापासून कामाला हात लागेपर्यंत किती हालचाली कराव्या लागतात, ते एकदा मोजून पाहावे. वही पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटासमोर खुर्ची, पेन शोधायचे, सापडलेले पेन चालत नाही : यातली प्रत्येक हालचाल माघार घेण्याची एक संधी आहे. आदल्या दिवशीचे काम संपवतानाच दुसऱ्या दिवसाची मांडणी करून उठावे. वही योग्य पानावर उघडी, पेन तिच्यात आडवे ठेवलेले, आणि शक्य असेल तर शेवटचे वाक्य किंवा उदाहरण मुद्दाम अर्धवट सोडलेले, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा प्रश्नच पडत नाही.

नको असलेल्या गोष्टींच्या बाबतीत याच्या उलट करावे. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला तर तो घ्यायला उठावे लागते, आणि ते उठणे बहुतेकदा पुरेसा अडथळा ठरते. ‘मी फोन पाहणार नाही’ असा नकारात्मक निश्चय मात्र फारसा उपयोगी पडत नाही. जी गोष्ट करायची नाही तिचेच नाव मनात घोकले जाते आणि ती आणखी समोर येते. त्याऐवजी ‘फोनकडे हात गेला की वहीचे पान उलटीन’ असे पर्यायी कृतीचे वाक्य तयार करावे.

पाचवी पायरी : पहिले तीन महिने

एकवीस दिवसांत सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आढळते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी ९६ जणांना खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक छोटी कृती निवडून ती दिवसातल्या एका ठरावीक प्रसंगाला जोडायला सांगितली आणि ८४ दिवस तिचा मागोवा घेतला. कृती जितकी आपसूक होणार तितकी होण्याच्या टप्प्याला पोहोचायला मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ दिवसांचा येतो, असे हिशेबात दिसले. व्यक्तीव्यक्तींमधला फरक मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारखी साधी कृती लवकर बसते, व्यायामाला बराच अधिक काळ लागतो. त्यामुळे तीन आठवड्यांनंतरही बसताना जोर लावावा लागत असेल तर आपल्यात काही कमी आहे असे मानायचे कारण नाही.

या अभ्यासातला आलेखाचा आकार आकड्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. आपसूकपणा सुरुवातीला भराभर वाढतो, मग वाढीचा वेग मंदावत जातो आणि शेवटी रेषा सपाट होते. म्हणजे सुरुवातीचा प्रत्येक दिवस मोलाचा असतो आणि त्यात खाडे होऊ न देण्यासाठी विशेष काळजी घ्यावी. पुढे वेग मंदावल्यासारखा वाटतो, तेव्हा काही बिघडलेले नसते, प्रक्रियाच तशी आहे. साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नवेपणाची मजा ओसरलेली असते आणि सवयीचा आधार अजून मिळालेला नसतो. हाच काळ सर्वांत नाजूक, आणि किमान मापाची खरी गरज याच काळात पडते.

एखादा दिवस चुकला तर? त्याच अभ्यासात एखादी संधी हुकल्याने सवय बसण्याच्या प्रक्रियेवर म्हणावा असा परिणाम झालेला दिसला नाही. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट काम मात्र करू नये. दुप्पट काम ही शिक्षा असते, आणि शिक्षा जोडली गेलेल्या खुणेपासून माणूस दूर पळू लागतो. पुढच्या खुणेला नेहमीचे किमान माप करावे, एवढेच. लागोपाठ दोन-तीन दिवस चुकले तर स्वतःला दोष देण्याआधी तिसऱ्या पायरीत घडवलेले खुणेचे वाक्य पुन्हा तपासावे. बहुधा खुणेची घटनाच घडलेली नसते किंवा ती वेगळ्या जागी घडलेली असते.

सहावी पायरी : नोंद

इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरी करत होते आणि त्यांच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी बसत. वेळेवर उठवण्यासाठी त्यांनी घरच्या वृद्ध नोकराला वर्षाला ५ पौंड जादा ठरवून दिले होते, आणि आपल्या यशातला मोठा वाटा त्या माणसाचा आहे असे ते मानत. बसल्यावर पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात जाई आणि मग समोर घड्याळ ठेवून पाव तासाला २५० शब्द या गतीने ते लिहीत. प्रत्येक कादंबरीसाठी ते आठवड्यांचे रकाने पाडलेली रोजनिशी तयार करत आणि त्या दिवशी किती पाने झाली ते तीत मांडत. २५० शब्दांचे एक पान धरून आठवड्याला सरासरी चाळीस पाने भरत. आळसात गेलेला दिवस रिकाम्या रकान्याच्या रूपाने रोज समोर दिसे.

नवख्याने पानांचा आकडा ट्रोलोप यांच्याकडून घेऊ नये, रकान्याची पद्धत घ्यावी. कागदाच्या एका पानावर दिवसांच्या ओळी आखाव्यात आणि प्रत्येक ओळीत दोनच गोष्टी लिहाव्यात : खूण आल्यावर बसलो की नाही, आणि आज कुठे अडलो. पहिली नोंद सवयीसाठी आहे, दुसरी कामासाठी. नुसत्या फुल्यांची अखंड साखळी जपण्याचा छंद लागला तर माणूस साखळीसाठी काम करू लागतो. रात्री बाराला पाच मिनिटे असताना झोपाळलेल्या डोळ्यांनी एक ओळ वाचून फुली मारतो, आणि साखळी तुटली की सगळेच सोडून देतो. ‘कुठे अडलो’ हा रकाना त्यावर उतारा आहे, कारण तो भरण्यासाठी काम खरोखर केलेले असावे लागते.

सातवी पायरी : बसण्यापासून यशापर्यंत

रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेरीस माणूस सदतीसपट होतो, असा हिशेब अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो, हे गणित बरोबर आहे. पण माणसाचे कौशल्य चक्रवाढ व्याजाने वाढते, असे त्यातून सिद्ध होत नाही. कौशल्याची वाढ सुरुवातीला जलद, पुढे संथ आणि मधेच कित्येक आठवडे ठप्प अशी असते. सदतीसपटीची अपेक्षा ठेवून बसलेला माणूस पहिल्याच ठप्प काळात निराश होतो.

ठप्प काळाचे एक कारण खुद्द सवयच असते. वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चित्रपटगृहात आलेल्या लोकांना काहींना ताजे, तर काहींना आठवडाभर शिळे पॉपकॉर्न दिले. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, जरी विचारल्यावर त्यांनी ते आवडले नाही असे सांगितले. लोकांना चित्रपटगृहाऐवजी सभेच्या खोलीत बसवले तेव्हा मात्र तसे झाले नाही. आपण जे करतो आहोत ते चांगले आहे की वाईट, हे सवय पाहत नाही. अभ्यासाचेही असेच शिळे पॉपकॉर्न होऊ शकते. तीच पाच वाक्ये, तीच सोपी उदाहरणे, व्यायामाचे तेच वजन वर्षभर चालू राहते आणि फुल्यांनी भरलेले पान पाहून आपण पुढे जात आहोत असे वाटत राहते.

म्हणून सुरुवात जशीच्या तशी ठेवून आतले काम सतत बदलते ठेवावे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून १९९३ मध्ये मांडले की नुसत्या पुनरावृत्तीपेक्षा, आपल्या कच्च्या जागा हेरून त्यांच्यावर पूर्ण लक्ष देऊन केलेला सराव प्रगती घडवतो. या सरावाने माणूस दमतो, त्यामुळे तो दिवसभर करता येत नाही. रोज थोडा वेळ हे बंधन येथे अडचण न राहता सोय बनते. आठवड्यातून एकदा नोंदीचे पान घेऊन बसावे, ‘कुठे अडलो’ या रकान्यात सर्वांत जास्त वेळा काय आले आहे ते पाहावे आणि पुढच्या आठवड्याचे काम त्याच जागेवर लावावे. पाठांतर असलेल्या विषयांत जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहॉस यांच्या १८८५ मधील प्रयोगांपासून माहीत असलेली गोष्ट वापरावी : शिकलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते, आणि एकाच बैठकीत खूप वेळा घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. त्यामुळे रोजच्या बैठकीत थोडे नवे, थोडे कालचे आणि थोडे आठवड्यापूर्वीचे असे मिश्रण ठेवावे.

वेळ वाढवायची असेल तर खूण आल्यावर न रेंगाळता बसणे जमू लागल्यानंतरच वाढवावी, आणि वाढवतानाही किमान माप जुनेच ठेवावे. रोजची बैठक पाऊण तासाची झाली तरी वाईट दिवसासाठी दोन मिनिटांची सवलत कायम असली पाहिजे.

आठवी पायरी : खंड पडतो तेव्हा

आजारपण, प्रवास, घर बदलणे, नोकरी बदलणे यांनी सवय मोडते, कारण तिला धरून ठेवणारी परिस्थितीच नाहीशी होते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सवयींचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. नव्या ठिकाणची परिस्थिती जुनीसारखी राहिली तेथे व्यायाम, वृत्तपत्रवाचन, दूरचित्रवाणी पाहणे या सवयी टिकल्या. परिस्थिती बदलली तेथे त्या गळल्या आणि वर्तन पुन्हा त्या त्या वेळच्या इराद्यावर अवलंबून राहू लागले. यावरून दोन सूचना निघतात. बदल आधी माहीत असेल तर नव्या जागेसाठी खुणेचे वाक्य निघण्यापूर्वीच नव्याने लिहून ठेवावे, आणि नव्या जागेतल्या पहिल्याच दिवशी, सामान अजून बांधलेले असले तरी, त्याप्रमाणे बसावे. दुसरे असे की एखादी नकोशी सवय सोडायची असेल तर अशा स्थलांतराइतकी चांगली वेळ क्वचितच मिळते.

खंड मोठा असेल, महिना-दोन महिन्यांचा असेल, तर परतताना जिथे सोडले तिथून सुरू करण्याचा मोह आवरावा. पुन्हा दोन मिनिटांवर यावे. ग्रेबिएल यांच्या प्रयोगात बक्षीस बंद केल्यावर उंदरांच्या मेंदूतला सवयीचा आकृतिबंध पुसट झाला होता, पण बक्षीस परत आल्यावर तो लवकरच पुन्हा उमटला. जुन्या वाईट सवयी डोके वर काढतात त्याचे कारण हेच असावे, आणि चांगल्या सवयीच्या बाबतीत तीच गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. दुसऱ्यांदा लागणारी सवय बहुधा पहिल्या वेळेइतका काळ घेत नाही.

तीन महिने पूर्ण झाल्यावर नोंदींची सगळी पाने एकत्र घेऊन एकदा नीट बसावे आणि ठरवावे की हे काम चालू ठेवायचे, वाढवायचे की थांबवायचे. थांबवणे हाही योग्य निर्णय असू शकतो. भाषा शिकण्याचे कारणच उरले नसेल, किंवा गुडघ्याला धावणे मानवत नसेल, तर केवळ सवय लागली म्हणून ते ओढत राहू नये. त्या खुणेवर दुसरे काम बसवता येते, खूण तयारच असते. चालू ठेवायचे ठरले आणि फडके वाळत टाकल्यावर पाय आपोआप खुर्चीकडे वळत असतील, तर दुसरी सवय घ्यायला हरकत नाही. ती पहिलीच्या शेवटाला जोडावी : वही मिटली की दुसरे काम. तिचे किमान मापही पुन्हा वाईट दिवसावरूनच काढावे आणि नोंदीसाठी नवे, कोरे पान घ्यावे.